पाण्याने आणलेला माणूस

“आणि दादा सापडला, तर त्याला कुठं ठेवणार?” मी खड्ड्यातूनच विचारलं.

खड्डा छातीएवढा खोल होता. तळाशी पाणी झिरपत होतं. त्या चिखलात मी मांडी घालून बसलो होतो. काठावर आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं उभी होती आणि त्यांच्या पायांशी नव्या मांजरपाटात गुंडाळलेला एक माणूस होता. खड्डा त्याच्यासाठी खणला होता. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं.

पाळकसाहेब काठाशी आले. वाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“सापडला तर इथंच, कबरस्तानात,” ते म्हणाले.

“इथंच म्हणजे याच जागी. बाबांच्या शेजारची ही जागा दादाची आहे. ती याला कुणी दिली?”

“तुझ्या आईनं.”

मला ते माहीत नव्हतं. तरी मी उठलो नाही.

आमचं गाव नदीवर आहे. गावाला लागूनच बंधारा आहे. पूर आला की वरच्या मुलखातून लाकडं येतात, वासरं येतात, भोपळ्यांसकट वेल येतात. कधी माणसंही येतात आणि बंधाऱ्याच्या मोऱ्यांत अडकतात. पोलीस पंचनामा करतात, वाट पाहतात. ज्याचं कुणी येत नाही, त्याला आमची मंडळी मूठमाती देते.

बंधारा झाला तेव्हापासून हे असंच चाललं आहे. मेलेला कोणत्या जातीचा, कोणत्या देवाचा, हे कुणी विचारत नाही. चर्चची घंटा वाजते. नवं कापड येतं. बायका कामं टाकून येतात, त्याच्या उशाशी बसतात आणि रडतात. रडणारं कुणीतरी हवं, असं आई म्हणते. अशा माणसांना आम्ही पाण्याचे पाहुणे म्हणतो. कबरस्तानाच्या भिंतीला लागून त्यांची रांग आहे. या वेळी ती रांग पुराच्या पाण्यात होती.

पाहुणे बाहेर काढायचं काम माझ्या दादाचं. अमोस त्याचं नाव. त्याच्यासारखा पोहणारा आमच्या भागात दुसरा नव्हता. पाण्यात शिरताना तो शिट्टी वाजवायचा आणि मेलेल्या माणसाशी बोलायचा. चला पाहुणे, आता घरी चला, असं काहीतरी. मी त्याला हसायचो. तो म्हणायचा, घाबरलेले असतात रे ते.

त्या दिवशी मी तालुक्याच्या बाजाराला गेलो होतो. मोरीत एक माणूस अडकला होता. दादा कमरेला दोर बांधून उतरला. वर दोर धरायला पाळकसाहेब पुढे, त्यांच्यामागे चौघेजण. खाली गेल्यावर दादाने आपल्या कमरेचा दोर सोडला आणि त्या माणसाला बांधला. मग हात वर करून खूण केली. सगळ्यांनी मिळून ओढलं.

दोर वर आला तेव्हा त्याला मेलेला माणूस बांधलेला होता. जिवंत माणूस मोरीतून पलीकडे गेला होता.

मी तिथं असतो तर…

त्यानंतर मी घरी थांबलो नाही. नदीच्या कडेकडेने खालच्या गावांना शोधत गेलो. परत आलो तो या दफनाच्या दिवशी सकाळी. घराला कडी होती. आई चर्चच्या ओट्यावर दादाने काढलेल्या त्या मेलेल्या माणसापाशी बसली होती, त्याच्यासाठी रडत होती. मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. सरळ कबरस्तानात आलो आणि खणून ठेवलेल्या खड्ड्यात उडी मारली.

आता पाळकसाहेब चपला काढत होते.

त्यांचं नाव नथनिएल पारधे. सत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले. चर्चच्या दोन पायऱ्या चढतानाही ते कुणाचा तरी खांदा धरतात. त्यांनी पांढरा झगा वर खोचला, काठावर बसले आणि घसरत घसरत खाली आले. येशूदास मास्तर मंडळीचे पंच. ते वरून अहो, अहो करत राहिले.

“साहेब, आता वर कसे येणार तुम्ही?”

“आलोच नाही तर माती टाका,” पाळकसाहेब म्हणाले. “दुसरा खड्डा खणायचा त्रास वाचेल.”

वर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

ते माझ्यासमोर चिखलात बसले. त्या खड्ड्यात दोन माणसांना जागा नव्हती. गुडघ्याला गुडघा लागत होता.

“दोर तुमच्या हातात होता,” मी म्हणालो.

“होता.”

“हाताला कळत नाही? ओढताना? बांधलेला जिवंत आहे की मेलेला?”

त्यांच्या दोन्ही तळहातांना फडकी बांधलेली होती. दादा गेल्यावर त्यांनी दोर पुन्हा पाण्यात सोडला होता आणि अंधार पडेपर्यंत तो धरून बंधाऱ्यावर उभे होते, हे मी बाजारातून परतलो तेव्हाच आईने मला सांगितलं होतं. धार दोर ओढत होती आणि हाताची सालं निघत होती, तरी ते सोडत नव्हते. मी त्या फडक्यांकडे पाहिलं नाही.

मी पुष्कळ बोललो. मंडळी जिवंत माणसांसाठी असते म्हणालो. प्रार्थना करा, पोरांना शिकवा, आजाऱ्याला दवाखान्यात न्या, नाताळाला गाणी म्हणा. मेलेल्यासाठी जिवंत माणूस द्यायला कोणत्या देवाने सांगितलं आहे, असं विचारलं. आजपासून हे बंद करा म्हणालो. वर उभ्या असलेल्यांतल्या काहींनी माना हलवल्या. दादा गेल्यापासून त्यांच्याही मनात तेच होतं.

मास्तरांना धीर आला.

“साहेब, पोरगं रागात बोलतंय, पण चूक बोलत नाही,” ते म्हणाले. “मंडळीच्या घटनेत उद्देश दिलेले आहेत. उपासना, शिक्षण, गोरगरिबांची सेवा. प्रेतं काढायचं त्यात कुठं नाही.”

“घटना लिहिली तेव्हा बंधारा नव्हता, मास्तर.”

पाळकसाहेब हे वर न पाहताच म्हणाले.

मग मला एक गोष्ट सुचली.

“बरं, असं करा,” मी म्हणालो. “याला इथंच ठेवा. पण क्रूसावर दादाचं नाव लिहा. यानं दादाचा दोर घेतला, आता नावही घेऊ दे. आईला येऊन बसायला एक जागा होईल.”

वर कुजबुज झाली. सगळ्यांना ते पटलं. मास्तर म्हणाले, शहाण्यासारखं बोललास. मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी उठायला चिखलात हात टेकला.

पाळकसाहेबांनी मान हलवली. नाही.

“का?”

“याची आई शोधत आली, तर तिला काय दाखवू?”

“कोण येतंय आता? यायचं असतं तर आली असती की.”

“तू कुठवर गेला होतास?”

परत आल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सापडला का, एवढंच सगळे विचारत होते.

मी सांगायला लागलो. आधी तुटक, मग सगळंच. प्रत्येक घाटावर मोबाइलमधला दादाचा फोटो दाखवला. कुणी नीट पाहिला, कुणी न पाहताच मान हलवली. एका देवळात झोपायला जागा मिळाली, एका मशिदीत जेवायला मिळालं. बाभळीखाली, झुडपांत, जिथं जिथं पाण्याने काडीकचरा लावला होता, तिथं तिथं काठीने चाचपून पाहिलं. एकदा दुरून दादाच वाटला. धावत गेलो तर वासरू होतं. त्याच्याजवळ बसून राहिलो.

आणि मग ते शेवटचं गाव. तिथं घाटावर एकजण म्हशी धूत होता. माझा अवतार पाहून त्याने बस म्हटलं, भाकरी दिली, वर कांदा फोडून दिला. चांगला माणूस होता. मी विचारलं, इकडं पाण्यातून कुणी आलं होतं का?

इथपर्यंत मी सांगितलं आणि थांबलो.

पाळकसाहेब माझ्याकडे पाहत होते. वरची माणसंही हलत नव्हती.

“त्यांच्याकडं बांबू आहे,” मी म्हणालो.

“कसला बांबू?”

“लांब. झाडाला टेकवून ठेवलेला. मेलेलं माणूस काठाला लागलं की पोलीस येतात, पंचनामा होतो, गावाला चौकीत खेटे घालावे लागतात. म्हणून काठाला लागूच देत नाहीत. त्या बांबूनं… पुढं ढकलतात. धारेला लावून देतात.”

“तो म्हणाला, एक आला होता,” मी पुढे सांगितलं.

“अमोस?”

“अंगात कपडे कोणते होते, ते मी विचारलं नाही.”

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. त्यांचे ओठ हलले नाहीत, म्हणजे ते प्रार्थना करत नव्हते. नुसतेच बसले होते. झग्यात चिखलाचं पाणी चढत होतं. खड्ड्याच्या भिंतीतून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि आमच्या मध्ये पडलं.

वरून हुंदक्याचा आवाज आला. मी मान वर केली. आई काठावर उभी होती. ती कधी येऊन उभी राहिली होती, मला कळलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, आता पाळकसाहेब काहीतरी म्हणतील. दादा देवाच्या घरी आहे असं, किंवा बायबलमधलं एखादं वचन. तसं ते म्हणाले असते तर मी त्यांना ढकलून दिलं असतं, एवढं मला माहीत आहे.

ते उठले. एका हाताने भिंत धरली, दुसरा माझ्या डोक्यावर टेकला आणि कण्हत कण्हत उभे राहिले. मग त्यांनी दोन्ही हात वर केले.

“द्या,” ते वरच्यांना म्हणाले.

कुणी पुढे आलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी अजून बसूनच होतो. त्या माणसाला ठेवायचं तिथंच मी होतो.

“साहेब, तिमूला आधी वर तर येऊ द्या,” मास्तर म्हणाले.

“त्याचं तो बघेल. द्या.”

आई खाली बसली. तिने पदर खोचला आणि त्या माणसाच्या खांद्याखाली हात घातला. तिला एकटीला ते जमणार नव्हतं. मग मास्तर वाकले. मग बाकीचे.

डोक्याकडची बाजू पाळकसाहेबांनी हातांवर घेतली. मेलेला माणूस जड असतो, आणि पाण्यात राहिलेला त्याहून जड. त्यांचे गुडघे वाकले. तळहाताच्या फडक्यांवर लाल डाग उमटले आणि मोठे होत गेले. त्यांनी त्या माणसाचं डोकं छातीशी धरलं, लहान मुलाचं धरावं तसं. पांढरा झगा पार चिखलाने भरला होता. पाळकसाहेबांना मी रविवारी वेदीपाशी शेकडो वेळा उभं राहिलेलं पाहिलं आहे. त्या खड्ड्यात ते मला जेवढे मोठे दिसले तेवढे तिथं कधी दिसले नव्हते.

पायांकडची बाजू काठावरून सुटली आणि माझ्या डोक्यावर लोंबू लागली. मांजरपाट तिथं सैल झालं होतं. एक टाच बाहेर आली होती. भेगाळलेली टाच होती, अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाची. भेगांत अजून नदीची रेती होती.

मी उभा राहिलो. हात केव्हा वर गेले ते मला सांगता येणार नाही. सगळं वजन एकदम अंगावर आलं.

“हा दादा नाही, पाळकसाहेब,” मी म्हणालो.

“नाही.”

“मग?”

“याच्या आईसाठी खालचं गाव आपणच, तिमू. पाय नीट धर.”