चाळीस गाठींची वेल

माणसांचे बाजार भरायच्याही आधी रानातले प्राणी आपसांत धान्य बदलून घेत. सौदा खरा निघाला की घेणारा देणाऱ्याच्या दारावर टांगलेल्या वाळक्या वेलीला एक गाठ मारी.

पिल्लांची पावसाळ्याची बेगमी करायला खार उन्हाळाभर जमवलेल्या शेंगा घेऊन रानउंदराकडे आली. तिला बदल्यात ज्वारी हवी होती.

"शेंगा आत ठेव, खारूताई. ज्वारी उद्या ने. भरवसा नसेल तर गाठी मोज."

चाळीस भरल्या. तिने शेंगा ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं होतं.

"गाठी तर खऱ्या होत्या," ती पुटपुटली.

"खऱ्याच. पण एकेका दाण्याच्या सौद्याच्या," शेजारचा होला म्हणाला. "तुझीही होती ना एक?"

होती. तिनेच हौसेने मारलेली.

तिने दाराकडे पाहिलं. वेल उंदराने सोबत नेली होती.