मेंढीचा सत्कार

त्या राज्यात थंडी कडाक्याची पडे आणि लोकर फक्त मेंढ्यांच्या अंगावर उगवे. मेंढ्या टेकडीवर राहत. खाली नदीकाठी उघड्या अंगाची प्रजा होती: बेडूक, सरडे, कासवं, घोरपडी. मधे कोल्हा होता. टेकडीवरचं कुरण त्याचं, कातर त्याची आणि नदीकाठचं घोंगड्यांचं दुकानही त्याचंच. ज्याच्या कुरणात चरायचं त्याला तो मागेल तेव्हा लोकर द्यायची, असा तिथला रिवाज. मागणी ऐन थंडीत वाढे, म्हणून कातरही ऐन थंडीतच चाले. घोंगडी मात्र स्वस्त मिळे, तेव्हा नदीकाठी कोणाची काही तक्रार नव्हती.

एकदा एक म्हातारं कासव टेकडी चढून गेलं. तिथलं सगळं बघून खाली आलं. मग त्याने सभा बोलावली.

"अरे, ऊब आपल्याला आणि कुडकुडायचं त्यांनी! यंदा घोंगडी थेट मेंढ्यांकडून घेऊ. त्या सांगतील तो भाव देऊ. मग त्या दुसरं कुरण धरतील आणि लोकर उन्हाळ्यात कातरतील. एक मेंढी मला म्हणाली, 'बाबा, मला सवय झालीय. पण कोकरू यंदाचंच आहे. एवढी थंडी त्याची लोकर त्याच्या अंगावर राहू दे.'"

सभा गहिवरली. बेडकांनी तर घसा बसेपर्यंत पाठिंबा दिला. ठराव झाला. पण टेकडी म्हणजे चढ आला आणि कोल्ह्याचं दुकान पाराला लागून. पहिला गारठा पडला तसे सगळे दुकानात हजर. "पुढच्या साली नक्की हं, कासवकाका!" कासवाने सांगायचं तरी किती वेळा, आणि कोणाकोणाला?

तरी सगळ्यांच्या मनाला टोचत होतंच. त्यावर घोरपडीने तोड काढली. त्या मेंढीचा जाहीर सत्कार करू, शाल, श्रीफळ, सगळं रीतसर.

"तिला शाल कशाला गं? तिची घोंगडी घ्या," कासव म्हणालं.

"काहीतरीच काय काका! शालीवाचून कुठे सत्कार होतो का?"

मेंढी बिचारी भोळी. बोलावणं आलं तशी कोकराला आडोशाला ठेवून सकाळीच निघाली. इकडे शालीची आठवण आयत्या वेळी झाली. घोरपड धावत दुकानात गेली.

"कोल्हेशेठ, एकदम मऊ हवी बरं का. आणि संध्याकाळच्या आत."

"मिळेल की," कोल्हा म्हणाला. त्याने दुकानाला कडी घातली आणि कातर घेऊन टेकडीची वाट धरली.

संध्याकाळी भाषणं झाली. मेंढ्यांच्या हालांवर बेडूक इतका वेळ बोलले की पुढच्या रांगेतले सरडे पेंगले. मग टाळ्यांच्या गजरात शाल मेंढीच्या पाठीवर पडली. पांढरीशुभ्र होती, सायीसारखी मऊ. मेंढीने सहज मान वळवून ती हुंगली. शालीला दुधाचा वास होता.

नारळ तिथेच टाकून, शाल तोंडात धरून ती चढणीला लागली.

"अहो, आभारप्रदर्शन राहिलंय!" मागून कोणीतरी ओरडलं.

वर आडोशाला कोकरू उभं होतं. गुलाबी, उघडं. आईला बघून ओरडायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. मेंढीने त्याच्या पाठीवर शाल टाकली. ती त्याला नेमकी मापाची बसली.