पश्चिमेचा पडदा

केळीच्या मुलुखात एकदा एक वृद्ध कारागीर राहत होता. लोक त्याला नाना म्हणत. केळीची कोवळी रोपं उन्हाळ्यात जगावीत म्हणून हिरव्या जाळीच्या शेडमध्ये पाण्याचं धुकं सोडतात. ते धुकं सोडणारे फॉगर बसवण्यात नानांचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता. पुढे पुढे लोक त्यांना आपल्या अंगणातही फॉगर बसवायला बोलावू लागले, कारण तिकडचा वैशाख असा, की सकाळी दहानंतर अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही.

नानांचा एक शिष्य होता, हिरामण. तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. सहा वर्षं त्याने रोपांच्या शेडमध्ये काढली होती आणि आता अंगणातलं काम शिकण्यासाठी तो नानांकडे आला होता. माणूस कष्टाळू, हाताला चांगला. फक्त एकदा शिकलेली गोष्ट सगळीकडे लागू पडते, असा त्याचा ठाम विश्वास होता.

त्या वर्षी गावातल्या एका मोठ्या केळी-व्यापाऱ्याचं बोलावणं आलं. नाना तापाने अंथरुणावर होते, म्हणून हिरामण एकटाच गेला. व्यापाऱ्याची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. सारं घर तिला माई म्हणे. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ती अंगणातल्या कडुनिंबाखाली खाटेवर असायची. घरात गार हवेची खोली होती, पण तिथे ती जाईना. "त्या खोलीत दिवस आहे की रात्र ते कळत नाही मला," एवढंच म्हणायची. म्हणून लेकाने, तिच्या बापूने, ठरवलं, की माई आत येत नसेल तर अंगणच गार करू.

हिरामणने दोन दिवस खपून पाइप फिरवला, बारा फॉगर बसवले, मोटर जोडली. मग व्यापारी म्हणाला, "आता चारी बाजूंनी जाड प्लास्टिकचे पडदे सोड. पश्चिमेचा तर पक्का बांध. तिकडून झळा येतात त्या थेट माईच्या तोंडावर."

हिरामणला ते पटलं. रोपांची शेडही अशीच बंद ठेवतात.

व्यापाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आणखी एक. शेजारच्या बाया कुंपणाशी येऊन माईशी बोलत बसतात, तेही बंद होईल. माझी बहीण कुमुदताई माघात वारली, सुरतेला, सासरी. माईला सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय फार नाजूक झालंय. तुझ्या तोंडून चुकून नाव निघालं तर माझ्याशी गाठ आहे."

"नाही निघणार, शेठ," हिरामण म्हणाला आणि त्याने पडद्याची दोरी आणखी एक वेढा देऊन आवळली.

तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. माईचा जीव घाबरा होतो, छाती भरून येते, जेवण सुटलंय. "गारवा कुठाय तुझा? हे काय बसवलंस?" हिरामण धावत गेला. धुकं कमी पडत असेल असं वाटून त्याने आणखी सहा फॉगर लावले. दुसऱ्या दिवशी निंबाच्या पानांतून टपटप पाणी गळायला लागलं. गादी ओली झाली, उशीला कुबट वास यायला लागला आणि माईने तर सकाळचा चहाही परत पाठवला. तेव्हा हिरामण मान खाली घालून नानांपाशी येऊन उभा राहिला. नानांचा ताप नुकताच उतरला होता. त्यांनी काठी घेतली आणि ते निघाले.

दुपारचे दोन वाजले होते. पडद्याच्या आत पाऊल टाकताच नानांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी फॉगरकडे पाहिलंसुद्धा नाही. खाटेशेजारी स्टूल ओढून ते बसले. व्यापारी ओसरीवर फोनवर बोलत होता, हिरामण मोटरीपाशी.

"कसं वाटतंय, माई?"

"कसं वाटणार? ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या विड्याच्या पानासारखं."

नाना हसले. "पानं टिकतात तशी."

"टिकतात रे. पण फडक्यातच संपतात. कोणाच्या तोंडी लागत नाहीत."

माई थोडा वेळ श्वास जुळवत राहिली. मग तिने विचारलं, "आखाजी होऊन किती दिवस झाले?"

"आज नववा."

तिकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस पुन्हा लहान होतात. माई वर निंबाच्या फांदीकडे बघत म्हणाली, "लग्न झाल्यापासून माझ्या कुमुदने एक आखाजी चुकवली नाही. पोटुशी होती तेव्हा आली. नवऱ्याशी भांडून आली. आजी झाली तरी येऊन झोक्यावर बसली, आणि फांदी मोडेल म्हणून आम्ही सगळे ओरडलो. यंदा आली नाही. आणि घरात कोणी तिच्यावर रागावलंही नाही. एरवी एक दिवस उशीर झाला तर बापू घर डोक्यावर घ्यायचा. न येणाऱ्यावर कोणी रागावत नाही, तेव्हा काय समजायचं, ते समजतं मला."

मोटरीपाशी हिरामणने हातातला पाना खाली ठेवला.

"मग विचारलं का नाही, माई?" नानांनी हळूच विचारलं.

"विचारलं असतं तर बापूला खोटं बोलावं लागलं असतं. खोटं बोलताना लहानपणापासून त्याचे कान लाल होतात. मला नाही बघवत."

नाना उठले. खिशातून केळीचे घड उतरवायला वापरतात तसला बाकदार चाकू त्यांनी काढला, पश्चिमेच्या पडद्यापाशी गेले आणि वरपासून खालपर्यंत पडदा एका रेघेत फाडला. मे महिन्याचा वारा भट्टीचं दार उघडावं तसा आत घुसला.

"अहो! अहो नाना!" व्यापारी ओसरीवरून धावत आला. "वेड लागलं का तुम्हाला? म्हातारीला भाजून काढायचंय का? हिरामण, धर ते प्लास्टिक!"

हिरामण पुढे झाला. नानांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो जागीच थांबला. मग नाना काठी टेकत पूर्वेला गेले, तिथल्या गाठी सोडल्या, पडदा गुंडाळून वर बांधला आणि परत येऊन म्हणाले, "पाच मिनिटं, शेठ. एवढी वर्षं तुमच्या रोपांच्या बाबतीत माझं ऐकलंत. आज पाच मिनिटं ऐका."

अंगणात साचून राहिलेलं ते पांढरं धुकं हललं. पश्चिमेच्या वाऱ्याने ते उचललं, पातळ केलं, पूर्वेकडे नेलं. फॉगरमधून थेंब निघत होते, पण आता एकही खाली पोचत नव्हता. निंबाच्या पानांतून पाणी गळायचं थांबलं. आत येताना पोळणारा वारा खाटेपर्यंत जाता जाता निवत होता. माईच्या कपाळावरचे पांढरे केस हलायला लागले आणि कितीतरी दिवसांनी तिने छाती भरून श्वास घेतला.

व्यापाऱ्याने माईच्या कपाळाला हात लावून पाहिला.

नाना म्हणाले, "हिरामणला दोष देऊ नका, त्याला पुरतं शिकवायचं माझ्याकडून राहिलं. रोपाच्या शेडला आम्ही दार लावून घेतो, कारण रोपाला ओल हवी असते. माणसाला हवा असतो गारवा. पाणी नुसतं राहिलं तर गार करत नाही, शेठ. ते उडून जातं, आणि जाताना गारवा ठेवून जातं. त्याला नेतो कोण? हाच तापलेला, कोरडा वारा, ज्याला तुम्ही बाहेर बांधून ठेवलंत. तो आत आला नाही तर थेंबाने जायचं कुठे? तो गादीत मुरतो, छातीत मुरतो."

मग त्यांनी व्यापाऱ्याचा दंड धरला आणि त्याला जरा बाजूला, निंबाच्या बुंध्यापलीकडे नेलं. "या घरात अशीच आणखी एक झळ आहे. ती माईंना लागू नये म्हणून तुम्ही सगळीकडून बांधून घेतलंत. पण ती कधीच आत येऊन बसली आहे. तिला जायला तेवढी वाट ठेवलेली नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा पडला. "तिला सहन होणार नाही, नाना."

"त्या सहन करतच आहेत. आखाजीपासून, एकट्या. तुम्हाला खोटं बोलावं लागू नये, तुमचे कान लाल होऊ नयेत म्हणून गप्प आहेत."

व्यापाऱ्याचा हात नकळत कानाकडे गेला. गावात ज्याच्या एका शब्दावर केळीचा भाव ठरे, असा तो माणूस. पण आता तो जाऊन खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला आणि त्याने माईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माई... ताई..."

"कधी?" माईने विचारलं.

"माघात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी."

"त्रास झाला का तिला?"

"नाही. पहाटे झोपेतच. जावई शेजारीच होते, त्यांनाही कळलं नाही."

माईने मान हलवली. बराच वेळ तिचा हात त्याच्या डोक्यावरून फिरत राहिला. मग तिने विचारलं, "माहेरची साडी नेसवलीत ना तिला?"

कुठलीही सवाष्ण बाई गेली, की तिला शेवटची साडी माहेरची लागते. भाऊ ती घेऊन जातो.

"हो माई. मीच नेली. वाटेत दुकान उघडं दिसलं, तिथून घेतली घाईघाईने."

"कुठल्या रंगाची?"

"हिरवी."

"हिरवा रंग तिला कधी आवडला नाही रे. लग्नातही हिरवा शालू नको म्हणून रडली होती ती. जांभळा आवडायचा. माझ्या पेटीत जांभळी साडी आहे, घडी न मोडलेली. यंदाच्या आखाजीला तिला द्यायची म्हणून दिवाळीलाच आणून ठेवली होती मी." तिने कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. "एकदा विचारलं असतंस मला. पेटीची किल्ली दिली असती रे मी तुला."

व्यापारी लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. माईच्या डोळ्यांतून आखाजीपासून अडलेलं पाणी वाहू लागलं, आणि ते तिने पुसलं नाही. "रड बापू," ती म्हणाली. "मला तरी कोणासमोर रडायचं होतं?"

फाटलेल्या पडद्यातून शेजारच्या दोघी आत डोकावल्या. माईचा चेहरा पाहून त्यांना काही विचारावं लागलं नाही. पदर सावरत त्या आत आल्या आणि खाटेशी बसल्या. मागून आणखी तिघी आल्या. तीन महिन्यांपूर्वी ज्या घरी बसायला यायचं होतं, तिथे त्या आज आल्या होत्या. त्यांतली एक जण कुमुदच्या बरोबरीची होती. माईने तिचा हात हातात घेतला आणि अगदी क्षीण आवाजात लेकीबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली. मोटरीच्या घरघरीत ते कोणालाच नीट ऐकू येईना. बायका पुढे झुकून कान देत होत्या.

हिरामणने नानांकडे पाहिलं, पण त्यांना विचारलं नाही. पाहुण्याला गारव्यात बसवावं, मोटर बंद ठेवू नये, असं तो शिकला होता. तरी तो मोटरीपाशी गेला आणि त्याने ती बंद केली. धुकं विरलं. वैशाखाचं ऊन पुन्हा अंगणात उतरलं, बायकांच्या कपाळावर घाम आला, पण कुमुदची गोष्ट संपेपर्यंत तिथून कोणीही उठलं नाही.