गेनू भोयाची मागची जागा

फार वर्षांपूर्वी, करंजखिंडीला गाडीवाट नव्हती त्या काळी, गेनू भोई जहागीरदारांच्या पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा देई. मागच्या भोयांना पालखीआड वाट दिसत नसे. म्हणून पुढच्याने ओरडून सांगायचे, 'डावीकडे खळगा!', 'शेवाळ आहे, जपून!' गेनूची हाक तीन डोंगर ऐकत, असं म्हणतात. 'मी हुकूम करत नाही, दिसतं ते सांगतो,' एवढंच तो म्हणे, आणि घरीदारीही तसाच वागे.

एका चैत्रात जहागीरदार पालखीत बसून खिंड चढायला निघाले. तेवढ्यात धनगरवाड्यावरच्या ठमीला पान लागल्याची, साप चावल्याची आरोळी आली. विष उतरवणारा वैदू खिंडीपलीकडे, आणि पोरीचा पाय मांडीपर्यंत सुजलेला. गेनूने दांडा खाली ठेवला.

"सरकार, आपल्याला पाय आहेत. तिला आज नाहीत."

"माजलास? भोयांची वस्ती उठवीन!"

वस्तीत गेनूची म्हातारी आई होती. तरी दांड्याला त्याने हात लावला नाही.

"उठवा. खांदे आमचे आमच्याजवळच राहतील."

जहागीरदारांनी बारा शिपाई लावले. पालखी तसूभर हलली नाही, असं म्हणतात. अखेर ते खाली उतरले. ठमीला आत निजवताच पालखी पिसासारखी उचलली गेली. मागून जहागीरदार चालत होते, 'खळगा!' अशी हाक आली की तेही पाऊल जपून टाकत होते. ठमी जगली. वस्ती उठवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

भोई म्हणाले, "गेनूदादा, आता तूच आमचा नाईक."

गेनू हसला. "अरे, एकाला आत्ताच खाली उतरवलंय. लगेच दुसऱ्याला बसवता?"

त्या दिवसापासून तो मागच्या दांड्याला गेला. पुढे म्हातारपणी, एका आजाऱ्याला नेताना, धुक्यात तो दिसेनासा झाला. दांडा मात्र तिथे तसाच तोललेला राहिला, असं म्हणतात.

आता निम्म्या खिंडीपर्यंत डांबर आलं आहे. ती पालखी वाळवीने कधीच खाल्ली. वरच्या वाड्यांतून आजारी माणूस अजून बांबूच्या डोलीतून उतरवतात. कोणी पाळी लावत नाही. वाटेत भेटेल तो, सरपंच असो की गुराखी, खांदा देतो. मागच्या दांड्यावर एका खांद्याएवढी जागा मात्र मोकळी सोडतात. पुढून 'खळगा!' अशी हाक येते, मागचे 'हो' म्हणतात. आणि धुकं दाट असलं, तर त्या होकारात एक आवाज जास्तीचा असतो, असं म्हणतात.