चिमाईचं आढं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या कुंभेरीत तेव्हा कौलाचं एकही घर नव्हतं. गाव ओढ्याकाठी सखल जागी, आणि ओढ्यापलीकडच्या टेकाडावर एकच खोपटं, शेलारांचं. त्यात तीन जीव राहायचे: विधवा चिमा, पाळण्यातलं तिचं लेकरू आणि आंधळा सासरा राघोजी.

खोपटं साधंच, कुडाच्या भिंतींचं, गवतानं शाकारलेलं. पण आढं! छपराचा सगळा भार पेलणारं ते मधलं लाकूड राघोजीनं तरणेपणी स्वतः तासलं होतं. ऐनाचं, सरळसोट, अठरा हात लांब. चढवायला सात गडी लागले होते. चढवलेलं आढं उतरवणं म्हणजे घर बुडवणं, असं तेव्हा सगळेच मानायचे.

एका श्रावणात ओढा असा फुगला, की त्यावरचा साकव वाहून गेला आणि पाणी गावात शिरलं. मागे नदी, पुढे ओढा, जाणार कुठे? माणसं पोरंबाळं खांद्यावर घेऊन उभी, पाणी कमरेला लागलेलं. "चिमे, कायतरी कर गं बाई!" अशी हाक टेकाडावर आली.

चिमानं ओढ्याकडे पाहिलं, मग वर आढ्याकडे. नवरा गेला, शेत गेलं, उरलं होतं ते एवढंच. तिनं आधी आढ्याचा पाळणा सोडला, लेकरू पाठीशी बांधलं आणि कोयत्यानं छपराचे बंद कापायला लागली.

आवाज ऐकून म्हातारा ओरडला, "सूनबाई, घर मोडतेस?"

"मोडत न्हाई, मामंजी. लांबवतेय."

म्हातारा चाचपडत उठला. मग म्हणाला, "तर मग दोरी दे माझ्या हातात."

असं म्हणतात, सात गड्यांनी चढवलेलं आढं चिमानं एकटीनं उतरवलं, ओढत काठाशी नेलं, उभं केलं आणि पलीकडे पाडलं. आता नीट ऐका. आढं अठरा हात, आणि ओढा त्या दिवशी वीस हात. वरचे दोन हात आले कुठून? असं म्हणतात, म्हातारा दोरी धरून सारखा म्हणत होता, "पोच रे बाबा, पोच!" आणि ते पोचलं. हसू नका, एकशे बारा माणसं त्यावरून आली, शेरडं वेगळीच! छप्पर नसलेल्या त्या खोपटात अख्खं गाव मावलं.

लोक म्हणतात, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. म्हणोत बापडे! त्यांनी शेलारांचं घर पाहिलेलं नाही.

पाणी ओसरल्यावर गावानं चिमाला नवं आढं चढवून दिलं. तिचा वंश आजही तिथेच राहतो. दर उन्हाळ्यात घरटी एक पेंढी गवत टेकाडावर जाते आणि चिमाईचं खोपटं गाव शाकारतं, शेलारांना काडीही उचलू देत नाही. आणि कुंभेरीत कुणीही घर बांधो, आढं दोन हात जास्त ठेवतात, भिंतीबाहेर. परगावचा सुतार हमखास विचारतो, "एवढं कापून टाकू का?"

घरातली बाई आतूनच सांगते, "ऱ्हाऊ दे. कुणाला कमी पडलं तर?"