उखीमठाला निघालेली गाडी

मंडळी, लांबच्या वाटेला निघताना भरवसा कुणावर ठेवावा? फोनमधल्या हवामानावर, पंचांगावर, की गुडघा ठणकला म्हणजे आभाळ येतं असं सांगणाऱ्या म्हाताऱ्यावर?

आमच्या उदगीरच्या बाजारात दोघं मिरचीवाले होते. एकाचा भरवसा रेडिओवर, दुसऱ्याचा पंचांगावर. एका फाल्गुनात दोघांचीही मिरची वाळत घातलेली भिजली. दोघं एकाच ताडपत्रीखाली उभे राहून एकमेकांना हसत होते.

तर हा प्रश्न मन्मथ खानापुरेलाही पडला होता. फक्त तो पडलाय, हे त्याला कबूल नव्हतं.

मन्मथ शेतीच्या मोटारी आणि पाइप विकायचा. चाळिशीतला गडी, धंद्यात पक्का, आणि मोटरसायकलवर बसला की राजा. गोवा झालं, कच्छ झालं, कन्याकुमारी झाली. त्याचं एक वाक्य बाजाराला पाठ होतं, "मन्मथची गाडी एकदा फाटकाबाहेर पडली की मागं फिरत नाही."

या वेळचा बेत थेट उखीमठाचा. हिमालयातलं ते गुरुपीठ. तिथपर्यंत मोटरसायकलवर, आणि तेही ऐन फाल्गुनात. आपल्याकडं गारांचा नेम नाही, तिकडं बर्फाचा नाही.

सोबत दोघं. एक त्याचा जुना दोस्त बसवराज. दुसरी चुलत बहीण नीला, जिचा हा पहिलाच लांबचा प्रवास. तिचे वडील काही केल्या तयार नव्हते. मन्मथ छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "काका, माझ्या शब्दावर सोडा." त्यांनी सोडलं.

मुहूर्त निघाला गुरुवारचा आणि नीलाला रजा मिळाली शनिवारची. अशा वेळी आपल्याकडं प्रस्थान ठेवतात. अंगावरची एखादी वस्तू मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग ती घेऊन परत घरी यायचं नाही, तिथनंच पुढं जायचं.

मन्मथनं गुरुवारी आपलं हेल्मेट गावच्या मठात नेऊन ठेवलं. त्याला हार घातला. फोटो काढले. ते बाजारभर फिरले.

शनिवारी सकाळी तो हेल्मेट घ्यायला मठात आला. बसवराज आणि नीला फाटकाशी आपापल्या गाड्या लावून थांबले.

दक्षिणेकडून आभाळ भरून येत होतं. आदल्याच दिवशी पलीकडच्या शिवारात गारांनी उभा गहू आडवा केला होता.

सांबआप्पा मठाचे स्वामी. तालुक्यात त्यांच्या पाया पडल्याशिवाय लग्नाची सुपारी फुटत नाही. त्या सकाळी ते ओट्यावर बसून आपल्या जुन्या मोटरसायकलचा प्लग घासत होते. शेजारच्या गावात त्यांना एका मुलाला दीक्षा द्यायला जायचं होतं.

"शरणार्थ, आप्पा. आशीर्वाद द्या, निघतो."

"आशीर्वाद घ्यायला आलास, का विचारायला?"

"आशीर्वादच."

"मग सारखा आभाळाकडं कशाला बघायलास?"

मन्मथ हसला. खिशातनं फोन काढला.

"सगळं बांधून ठेवलंय, आप्पा. रोजचा मुक्काम, पेट्रोल, जेवण. पावसाला रेनकोट, बर्फाला चाकाच्या साखळ्या. हवामानाचे तर तीन-तीन अंदाज बघितलेत."

"तीन कशाला?"

"एक चुकला तर दुसरा असावा."

"काय म्हणतात?"

"एक म्हणतो गारा. एक म्हणतो ऊन. आणि एक म्हणतो... सांगता येत नाही."

"तिसरा शहाणा दिसतो."

मन्मथनं फोन खिशात घातला. आवाज जरा खाली आणला.

"तुम्हीच सांगा, आप्पा. पडतील का गारा?"

"मला ठाऊक नाही."

"तुमचा गुडघा काय म्हणतो?"

"गुडघा बारा महिने दुखतो, बाबा."

...

"मग निघू ना?"

आप्पांनी फडक्याला हात पुसले. फाटकाकडं पाहिलं.

"नीलाला विचारलंस?"

"ती काय सांगणार? ती माझ्या मागनं येणार. माझी गाडी मागं फिरत नाही, तिला ठाऊक हाय."

"म्हणून तर विचारलं."

मन्मथला यावर बोलायचं होतं. पण आप्पा उठले, प्लग बसवला, खांद्यावरची भगवी शाल कमरेला आवळली आणि किक मारली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. ओट्यावर दर्शनाला बसलेल्या बाया-माणसांनी हात जोडले. आप्पा फाटकाबाहेर पडले.

"बघितलंस?" मन्मथ बसवराजला ओरडून म्हणाला. "स्वामी निघाले! आन् आपण हितं आभाळ मोजत बसलोय."

बसवराजनं शिट्टी मारली. नीलानं हातमोजे चढवले.

मठापुढं रस्ता सरळ ओढ्याच्या पुलापर्यंत दिसतो. आप्पा पुलावर पोचले. थांबले. एक पाय खाली टेकवला. वाऱ्यानं शाल सुटून फडफडायला लागली. बराच वेळ ते वर बघत राहिले.

...

मग गाडी वळली.

आली तशी परत आली, फाटकातनं आत शिरली. आप्पांनी ती स्टँडला लावली.

मन्मथ धावत गेला. "काय झालं? पेट्रोल संपलं?"

"भरपूर हाय."

"गाडीनं त्रास दिला?"

"गाडी बरी हाय."

"मग?"

"भ्यालो," आप्पा म्हणाले.

चहा झाला का, जेवण झालं का, अशा सुरात म्हणाले. ओट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. एक म्हातारी पुटपुटली, "शिवा, शिवा." आप्पांनी तिथंच उभं राहून त्या गावाला फोन लावला.

"आज येत नाही. आभाळ बघितलं आन् भ्यालो. पोराला उद्या दीक्षा देतो."

पलीकडचा माणूस फोनात मोठ्यानं हसला. "स्वामी असून भ्यालात, आप्पा?"

"होय की."

फोन ठेवून ते ओट्यावर बसले आणि चहा मागवला.

मन्मथ हेल्मेट काखेत धरून अंगणाच्या मधोमध उभा होता. पहाटेपासनं तो दहादा दारात येऊन आभाळ बघून गेला होता. घरात विचारलं तर उकडतंय म्हणाला होता. उकडत नव्हतं.

त्यानं फाटकाकडं पाहिलं. बसवराज आभाळाकडं बघत होता. नीला आभाळाकडं बघत नव्हती. ती मन्मथकडं बघत होती.

तो फाटकाशी गेला.

"आज जायचं नाही."

"का? पंक्चर?" बसवराज म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं. मन्मथ दुकानदार माणूस, माल उद्या येतो हे त्यानं आयुष्यभर हसतमुखानं सांगितलेलं. सबबी त्याच्या जिभेवर तयारच असायच्या.

"पंक्चर नाही. मला भीती वाटायलीय."

"अरे, पण तुमची गाडी मागं फिरत नाही ना, मन्मथशेठ?"

"आज फिरली."

नीलानं हातमोजे काढले. लांब श्वास सोडला.

"दादा, मला उठल्यापासनं वाटत होतं. तुझ्यापुढं बोलायची हिंमत नव्हती."

आता इथं तुम्ही म्हणाल, घटकाभरात लिंबाएवढ्या गारा पडल्या असतील आणि तिघं वाचली असतील. मलाही गोष्ट तशी सांगायला आवडली असती.

दुपारी आभाळ निवळलं. ओढ्याकाठचा पळस उन्हात नुसता पेटला होता. एक गार पडली नाही, एक थेंब पडला नाही. बसवराजनं लख्ख सूर्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं, "गारांपासून सावधान." दिवस कलेपर्यंत मन्मथच्या फोनवर अख्ख्या बाजारानं सूर्य पाठवले.

तो तणतणत मठात आला.

"आप्पा, एक गार पडली नाही."

"नाही पडली."

"सकाळी निघालो असतो तर आता नागपुरात असतो."

"असतास."

"गाव हसायलंय मला."

"मलाबी हसायलंय. तिकडं पंगत उठली माझ्यावाचून. पुरणपोळी होती."

मन्मथला हसू आलं नाही. तो ओट्याच्या पायरीवर बसला.

"मग आपण चुकलो का, आप्पा?"

आप्पांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं, ते त्यांनी शालीच्या टोकानं टिपलं.

...

"नीलाच्या वडलांचा फोन आला होता," मन्मथ हळू म्हणाला. "म्हणाले, तू भिऊन थांबलास हे कळलं, आता तिला कुठंबी ने. मी विचारणार नाही."

"हूं."

"उद्या निघतो. ऊन असलं तर. नसलं तर परवा." तो उठला. छाती पुन्हा जरा पुढं आली. "आन् उद्याचा पहिला दिवस धरतो. उखीमठ किती दिवसांत गाठलं, ते बाजार विचारणारच. आजचा दिवस गाळून सांगतो."

आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं.

"गाळू नको, मन्मथ. पहिला दिवस आजचाच धर. हिशेब खरा ठेव."