केशर मासोळीचा उपास

फार पूर्वी वेणूकाकूंच्या बागेतल्या छोट्या हौदात केशर नावाची सोनेरी मासोळी आपल्या सहा भावंडांसह राहत होती. काकू मायाळू होत्या. माशाने तोंड उघडलं की मूठभर खाणं पाण्यात पडायचं. उरलेलं तळाशी कुजलं, पाणी गढुळलं आणि माशांचा जीव गुदमरू लागला. ते हवेसाठी वर येऊन तोंड वासू लागले.

"किती भुकेली गं माझी बाळं!" म्हणत काकू आणखी एक मूठ टाकायच्या.

केशर भावंडांना म्हणाली, "उद्या काकू आल्या की कुणीही वर जायचं नाही."

"आणि खाणं?" धाकटीने विचारलं.

"एका उपासाने कुणी मरत नाही. या पाण्यात मात्र मरू."

दुसऱ्या दिवशी खाणं डोक्यावर तरंगू लागलं. केशरचाही जीव वर जायला तगमगत होता, पण ती तळाशीच थांबली. तिच्याकडे बघून बाकीचेही थांबले.

मासे दिसेनात म्हणून काकू घाबरून पाण्यावर वाकल्या, तेव्हा कुठे त्यांना वास आला.

"अगं बाई! या घाणीत राहता होय तुम्ही?"

त्यांनी गाळ उपसला आणि विहिरीचं ताजं पाणी सोडलं.

संध्याकाळी धाकटी म्हणाली, "ताई, आता भूक लागलीय."

"लागू दे," केशर खुशीत म्हणाली. "कितीतरी दिवसांनी लागलीय."